शिकवलेला ससा अचानक घरभर शू का करायला लागतो?

दोन महिन्यांचा असताना तुम्ही त्याला घरी आणलं. आठवड्याभरात तो टबमध्ये शू करायला शिकला. तुम्ही कौतुकाने रील टाकलं, ‘मांजरापेक्षा हुशार’ अशा कमेंट आल्या. मग तो साडेचार-पाच महिन्यांचा झाला आणि एका सकाळी थेट तुमच्या उशीवरच शू. दाराच्या कोपऱ्यात लेंड्या, सोफ्यामागे लेंड्या, नव्या चटईवर तर हमखास.

घरात कुणी म्हणतं, ‘विसरला हा सगळं.’ कुणी म्हणतं, ‘मुद्दाम करतो, राग काढतो.’ दोन्ही खरं नाही. पण याच टप्प्यावर ससा गॅलरीतल्या पिंजऱ्यात कायमचा जातो, कुणाला तरी देऊन टाकला जातो किंवा बागेत ‘मोकळा’ सोडला जातो. पाळीव ससा बाहेर कुत्री, मांजरं, घारी आणि उन्हापुढे फार काळ टिकत नाही. म्हणून ही भानगड समजून घ्यायला हवी.

मुळात हा ससा आपल्या रानातला नाही

मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, त्यामुळे घोळ होतो. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. तो बिळं खणत नाही, गवतात दबून बसतो आणि कायद्यानुसार त्याला पाळताही येत नाही. दुकानात मिळणारा पांढरा, तपकिरी ससा हा युरोपातल्या रानटी सशाचा वंशज आहे. तो जमिनीखाली बिळांच्या वसाहतीत, टोळीने राहणारा प्राणी आहे.

आणि टोळी आली की हद्द आली. 1950 आणि 60च्या दशकात रोमन मिकिटोविच यांनी ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत अशा वसाहतींचा बारकाईने अभ्यास केला. ससे हनुवटीखालच्या ग्रंथींचा स्राव वस्तूंवर घासतात आणि टोळीत ज्या नराचा दबदबा जास्त, त्याच्या या ग्रंथी मोठ्या असतात, हे त्यांना दिसलं. शिवाय हे ससे ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतात. ढिगाचा वास म्हणजे ‘इथे आमची वस्ती आहे’ अशी पाटीच.

गंमत इथेच आहे. ठरावीक जागी जाण्याच्या या सवयीमुळेच ससा लिटर बॉक्स इतक्या पटकन शिकतो. आणि ‘हद्द आखायची’ ही ऊर्मी त्याच स्वभावातून येते. पिल्लू असताना तिला जोर नसतो. साधारण साडेतीन ते सहा महिन्यांदरम्यान ससा वयात येतो, हार्मोन्स वाढतात आणि तुमचा वन बीएचके त्याला स्वतःची वसाहत वाटायला लागतो. उशीच का? ती मऊ असते आणि तिला तुमचा वास असतो. तिथे त्याला आपलाही वास मिसळायचा असतो. (हे ऐकून बेडशीट धुण्याचा त्रास कमी होत नाही, मान्य आहे.)

हद्द आखतोय की आजारी आहे?

हा फरक ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. हद्द आखणाऱ्या सशाच्या लेंड्या सुक्या, गोल, सुट्या असतात. त्या कडेकडेने किंवा नव्या जागी पसरलेल्या दिसतात. शू भिंतीवर, पडद्यावर फवाऱ्यासारखी उडते. काही ससे तर तुमच्या पायाभोवती गोल फिरत, हलकं गुरगुरत तुमच्यावरच फवारा मारतात. मादीही हे करते, नुसता नर नाही.

मऊ, चिकट, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या मात्र वेगळ्या. त्या ससा एरवी थेट खातो, कारण त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्या वारंवार पडून राहत असतील तर बऱ्याचदा गवत कमी आणि पॅकेटमधला खाऊ किंवा फळं जास्त होत असतात.

टबमध्ये जाऊनही थेंबथेंब शू होणं, जोर लावणं, मागचा भाग सतत ओला असणं, शूत पांढरी पेस्ट किंवा वाळूसारखा गाळ येणं, ही मूत्राशयाच्या आजाराची लक्षणं आहेत. म्हातारा ससा टबबाहेर शू करत असेल तर कदाचित सांधेदुखीमुळे त्याला कड ओलांडता येत नसेल. शूचा रंग नारिंगी किंवा लालसर दिसला की लोक घाबरतात. खाण्यातल्या आणि शरीरातल्या रंगद्रव्यांमुळेही तसं होतं, पण रक्त आहे की रंग हे डॉक्टरच तपासून सांगू शकतात. आणि एक सक्त सूचना. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले जिवाणू बिघडून तो मरू शकतो.

नसबंदीला पर्याय आहे का?

खरं सांगायचं तर फारसा नाही. नराची नसबंदी साधारण 4 ते 6 महिन्यांत आणि मादीची 5 ते 6 महिन्यांच्या आसपास करतात. मादीच्या बाबतीत कारण फक्त स्वच्छतेचं नाही. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढतं तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो.

पण डॉक्टर सशांचं काम करणारे हवेत. कुत्र्या-मांजरांचा अनुभव इथे पुरत नाही. आधीच विचारा, ‘ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं का?’ उत्तर ‘हो, रात्रभर’ असं आलं तर दुसरा दवाखाना शोधा. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं उपाशी ठेवायची गरज नसते. उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात. ऑपरेशननंतरही (आणि एरवीही) ससा 10-12 तास काही खात नसेल तर ती इमर्जन्सी समजा.

दुसऱ्या दिवशी चमत्कार होत नाही. हार्मोन्स उतरायला काही आठवडे जातात. त्या काळात नराला मादीपासून लांब ठेवा, कारण महिनाभर तरी पिल्लं होण्याची शक्यता राहते.

टब पुन्हा शिकवायचा कसा?

आधी त्याची हद्द लहान करा. पूर्ण घराऐवजी एक कोपरा, त्यात मोठा टब. दुकानातला महागडा तिकोनी ट्रे लहान पडतो, त्यापेक्षा घमेलं बरं. तळाला वर्तमानपत्र किंवा कागदी गोळ्या, वर सुकं गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत टबमध्ये किंवा अगदी लगत ठेवलं की अर्धं काम झालं. मांजराचं गोळा होणारं लिटर आणि पाइनचा भुसा नको.

टब रोज साफ करा, पण थोड्या लेंड्या मागे ठेवा. पूर्ण धुऊन चकाचक केला की वास जातो आणि ससा नव्याने पाट्या लावत फिरतो. बाहेरच्या डागांचं मात्र उलट, तिथला वास पूर्ण घालवा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसा. शूमधल्या कॅल्शियमचे पांढरे थर त्याने सुटतात. फिनेल नको, पंजांना लागून चाटण्यातून ते पोटात जातं.

ओरडणं, फटका मारणं, शूमध्ये नाक घासणं यातून तो एवढंच शिकतो की तुम्ही धोकादायक आहात. एखादा कोपरा त्याने हट्टाने धरलाच असेल तर भांडू नका, टबच तिथे न्या. आठवडाभर नीट गेला की एक खोली उघडा, मग दुसरी. सोफा आणि गादी सगळ्यात शेवटी.

नवा ससा आणला, घर बदललं, पाहुण्यांचं कुत्रं येऊन गेलं, की जुन्या शिकलेल्या सशाचंही पुन्हा सुरू होतं. तेव्हा परत एक कोपरा, एक टब. आणि टबच्या आजूबाजूला पाच-सहा लेंड्या कायम पडणारच. त्या सुक्या असतात, झाडूने गोळा करा आणि कुंडीत टाका. शेणासारखं त्यांना आधी कुजवत बसावं लागत नाही.