मुळेचं पाणी कुंडलिकेला



पंढरपूरला चंद्रभागेत पाय बुडवताना हे पाणी कुठून आलं, असा विचार आपण सहसा करत नाही. मुळशीच्या डोंगरातला पाऊस मुळा नदीत उतरतो. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला आणि भीमा पंढरीला जाते. पण शंभर वर्षांपूर्वी या वाटेला एक फाटा फुटला. तो विजेसाठी काढलेला होता. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने घाटमाथ्यावर पाणी अडवून ते नळांतून कोकणात सोडायचं ठरवलं. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. पुढचं धरण मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला व्हायचं होतं. पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातखाचरं बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. बायकाही त्यात उतरल्या. तरी धरण झालंच, आणि १९२७ साली भिऱ्याचं वीजघर चालू झालं.

त्या वेळी भांडण जमिनीचं होतं. नदीचं काय होईल, हे मोजायची रीतच नव्हती. प्रकल्पाआधी पर्यावरणाचा अभ्यास करण्याचा सर्वसाधारण नियम आपल्या देशात आला १९९४ साली.

मुळेचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडून भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिका नदीत जातं. ते परत घाट चढत नाही. म्हणजे पूर्वेकडची नदी तेवढी कमी झाली आणि पश्चिमेकडची वाढली. उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या आटतात, पण कुंडलिका वाहत राहते. तिच्यावर शेती आणि रोह्याकडचे कारखाने चालतात, कोलाडला पर्यटक होड्या घालतात. हा फायदा खराच आहे, तो नाकारून चालणार नाही.

पण नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. वीज हवी तेव्हा पाणी सुटतं, नको तेव्हा अडतं, त्यामुळे नदी दिवसातून चढते आणि उतरते. काठाच्या उथळ पाण्यात मासे अंडी घालतात. पाणी उतरलं की ती उघडी पडतात. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्याने वर निघतात, हे कोकणातल्या आपल्या बहिणींना सांगायला नको. वाटेत भिंत आली की ते तिथेच अडतात. धरणाखाली पाणी कमी झालं की डोह आटतात, गाळ वाहून जात नाही आणि धुण्याचा दगड कोरडा पडतो.

मग नदीत किती पाणी सोडायचं? गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्र सरकारने २०१८ साली उत्तर ठरवलं. नदीत येणाऱ्या पाण्यापैकी नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत २५ टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी सोडलंच पाहिजे. यात महत्त्वाची गोष्ट अशी की आकडा ऋतूप्रमाणे बदलतो, कारण नदीची गरजही बदलते.

हे जुनं पुराण आम्ही का काढलं? सह्याद्रीत आता उदंचन जलविद्युत प्रकल्पांची आखणी चालू आहे. त्यात वीज जास्त असेल तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवतात आणि वीज हवी असेल तेव्हा खाली सोडतात. जनसुनावणी लागली तर अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो गटात मोठ्याने वाचा.

आणि आपला ओढा आजच मोजून ठेवा. दहा मीटरवर दोन खुणा करून लिंबू सोडा. त्याला वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. ओढा चार मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल असेल तर चार गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे एक घनमीटर. तळाशी पाणी हळू चालतं, म्हणून त्यातला पाचवा हिस्सा सोडा. उरले सेकंदाला सुमारे ८०० लिटर. दर महिन्याला तारीख घालून वहीत लिहा, मासे कुठे दिसले तेही लिहा.

मुळशीच्या लोकांकडे सात-बारा होता, पण नदीचा असा हिशोब कोणाकडेच नव्हता. आपल्याकडे तो असायला हवा.