मागची भिंत : उपनगरातले घर आणि हौशी कॅमेरा

कुटुंबाचा जुना फोटो हातात आला की आपण आधी माणसे ओळखू लागतो. ही मोठी आत्या, हा मधला काका, कडेवरचा बहुधा तू. ओळखपरेड आटोपली की पान उलटते. गेली काही वर्षे मी असे फोटो उलट्या क्रमाने पाहते आहे. आधी भिंत, मग खिडकी, पडदा, कपाटावरची ट्रंक, कोपऱ्यातला माठ आणि सगळ्यांत शेवटी माणसे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड इथल्या नातलगांकडचे, शेजाऱ्यांकडचे अल्बम असे पाहत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. उपनगरातल्या मराठी मध्यमवर्गाने आपले घर कसे मांडले आणि कशात सुख मानले, याचा पुरावा दुसरीकडे फारसा नाही. महापालिकेच्या दप्तरात इमारतींचे नकाशे असतात, सोसायटीकडे भागपत्रे आणि क्षेत्रफळाचे आकडे असतात. त्या चार भिंतींच्या आत पलंग कुठे होता, देव कुठे होते, पाहुणा कुठे बसत असे, हे मात्र घरातल्याच कुणीतरी हौसेने काढलेल्या फोटोंत उरले आहे. शिवाय या फोटोंनी घर नुसते टिपलेले नाही. घर कसे दिसावे ही कल्पना घडवण्यातही त्यांचा हात आहे.

स्टुडिओतला दिवाणखाना

मुंबईला कॅमेऱ्याची ओळख फार लवकर झाली. दागेरची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापनही झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे इथल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर हा व्यवसायच केला. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांचा 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' मुंबईहून निघू लागला. हौशी आणि अल्बम, हे दोन्ही शब्द त्याच्या नावातच आहेत. पण ही हौस डॉक्टरांची, साहेबांची आणि सधन व्यापाऱ्यांची होती. काचेच्या जड पट्ट्या, तिवई, रसायनांच्या बाटल्या हा पसारा चाकरमान्याला परवडणारा नव्हता. पुढे ईस्टमनच्या कोडॅकने १८८८ साली गुंडाळीच्या फिल्मचा कॅमेरा आणि १९०० साली एका डॉलरचा 'ब्राउनी' काढला, तरी गिरगाव-परळच्या खोल्यांपर्यंत ती लाट यायला बराच काळ गेला.

तोवर सामान्य कुटुंबाचा फोटो म्हणजे स्टुडिओतला फोटो. लग्न झाले, मूल वर्षाचे झाले, कुणी शिकायला परगावी निघाले की इस्त्रीचे कपडे घालून सगळे स्टुडिओत जात. तिथे मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर खांब, कठडा, वर जाणारा जिना, दूरवर बाग. पुढे कोरीव खुर्ची, उंच पायांचे टेबल, टेबलावर फुलदाणी आणि पायाखाली गालिचा. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांनी राहणारे कुटुंब त्या क्षणापुरते दिवाणखान्यात उभे राही. म्हणजे फोटोत घर असे, पण ते स्टुडिओवाल्याचे असे.

चाळीतल्या खोलीत फोटोंची जागा छताला लागून होती. भिंतीला वरून किंचित पुढे झुकलेल्या चौकटी, त्यांत देव आणि गेलेली माणसे. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे म्हणणाऱ्या आज्या अनेक घरांत होत्या. भिंतीवर जाण्याचा मान बहुतेकांना हार चढल्यावरच मिळे. जिवंत माणसांचे फोटो ट्रंकेत, कापडात गुंडाळलेले असत.

ब्लॉक आला

चाळीतून माणसे उपनगरात गेली, त्याची कारणे ठाऊक आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्यासाठी नव्या चाळी बांधण्यात मालकांना रस उरला नाही. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या १९२८ पासून धावत होत्या. १९५० साली अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईत आले, १९५७ साली बोरिवली आणि मुलुंड. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी मालकीच्या घराला कागदाचा आधार दिला. नवविवाहित जोडप्याला घरात एकांत मिळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर १९७० साली 'मुंबईचा जावई' हा चित्रपट उभा राहू शकला. प्रेक्षकांना हे दुःख घरचेच होते.

या स्थलांतराने फोटोत काय बदलले, ते अल्बम सांगतात. बोरिवलीच्या एका अल्बममध्ये नव्या ब्लॉकमधला पहिला फोटो आहे. फरशी उघडी, भिंतीला ताजा चुना, पंखा अजून बसायचा आहे. पण भिंतीशी एक टेबल आहे, टेबलावर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. मागे खिडकीला पडदा. नवरा उभा, बायको खुर्चीत. स्टुडिओवाल्याचा दिवाणखाना या जोडप्याने उचलून घरी आणला होता. हीच मांडणी मला घाटकोपरच्या हाउसिंग बोर्डाच्या खोलीत दिसली, मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये दिसली. घर नीट लावलेले म्हणजे कसे, हे या पिढीला कुणी शिकवले असेल, तर त्यात शेजाऱ्यांइतकाच स्टुडिओच्या पडद्याचा वाटा आहे.

मग शोकेस आली. काचेमागे कपबश्या, बाहुल्या, स्पर्धेत मिळालेला पेला आणि मधोमध उभ्या चौकटीत लग्नाचा फोटो. जिवंत माणसे पहिल्यांदाच घराच्या दर्शनी भागात, डोळ्यांच्या उंचीवर आली. देवांचे फोटो स्वयंपाकघरात गेले, पूर्वज दारावरच्या पट्टीत राहिले आणि दिवाणखान्याचा मान मुलांच्या फोटोंना मिळाला. कुटुंबाने स्वतःकडे कसे पाहावे, यात झालेला हा बदल कुठल्याही ठरावाने झालेला नाही. एका लाकडी कपाटाच्या मधल्या फळीवर तो घडला.

अल्बमची जागा मात्र पोलादी कपाटात, लॉकरच्या शेजारी. गोदरेजची पोलादी कपाटे १९२३ पासून बनत होती आणि पुढे घाटकोपर-मुलुंडच्या मधल्या विक्रोळीतच त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. लग्नात कपाट मिळणे ही प्रतिष्ठा होती. त्या कपाटाने दागिन्यांबरोबर काळ्या कागदाचे, कोपरे लावलेले अल्बम वाळवी-कसरीपासून वाचवले.

सगळी उपनगरे ब्लॉकची नव्हती. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली सुरू झालेल्या योजनेत चारकोप आणि गोराई इथे २५ ते ४० चौरस मीटरच्या आसपासचे छोटे भूखंड दिले गेले आणि लोकांनी ऐपतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने घरे बांधली. तिथल्या फोटोंत माणसे बहुधा घरासमोरच्या सामाईक अंगणात उभी असतात. मागे अर्धवट भिंत, वर आलेल्या सळया. पुढच्या वर्षीच्या फोटोत त्याच सळयांवर मजला चढलेला असतो.

उजेडाचा नियम

बडोद्याला बनणारा 'आग्फा क्लिक थ्री' हा या घरांचा पहिला कॅमेरा. १२० च्या रोलवर बारा चौरस फोटो निघत. शटरचा वेग ठरलेला, भिंगाचे छिद्र ऊन किंवा ढग एवढ्याच फरकाने बदलणारे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मिळू लागल्यावर रोल मिळणे सोपे झाले, तरी बारातला एकही फोटो वाया घालवणे जिवावर येई. गणपतीत घातलेला रोल हळदीकुंकवाला संपे. एकाच रोलवर तीन सण, हे या अल्बमचे नेहमीचे लक्षण आहे.

अशा कॅमेऱ्याने घराच्या आत फोटो निघत नसे; उजेड पुरत नसे. म्हणून त्या काळातले घरचे फोटो गॅलरीत, गच्चीवर, जिन्याच्या खिडकीपाशी किंवा घराबाहेर, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात किंवा कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटाशी काढलेले असतात. यातून एक गोष्ट निसटली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उपनगरी घराचे स्वयंपाकघर अल्बममध्ये नाही. ओटा, स्टोव्ह, रेशनच्या रांगेतून आलेले रॉकेल, पाण्याची पिंपे, फळीवरचे डबे, यांतले काहीच नाही. फोटोसाठी आईला हाक मारली जाई, ती पदराला हात पुशीत गॅलरीत येई, डोळे बारीक करून उन्हाकडे पाही आणि परत आत जाई. तिचा उरलेला दिवस जिथे जाई, तिथे कॅमेऱ्याला दिसत नव्हते. नव्या घराचा आनंद फोटोत भरपूर आहे, पण ज्या श्रमांवर तो उभा होता ते चौकटीबाहेर राहिले. अल्बमवरून घराचा इतिहास लिहिणाऱ्याने ही रिकामी जागा आधी भरून घेतली पाहिजे.

दुसरी गैरहजेरी फोटो काढणाऱ्याची. बहुतेक अल्बमांत एक काका किंवा मामा जवळपास नसतातच. ते सगळीकडे होते, हे फक्त जमिनीवर पडलेल्या सावलीवरून कळते. त्यांच्यातले काही इतके पुढे गेले की रात्री मोरीत तांबडा बल्ब लावून स्वतः प्रिंट काढू लागले. पाणी नळाला ठरलेल्या वेळीच येई. त्यामुळे धुण्यासाठी बादल्या भरून ठेवायच्या, हायपोचा वास घरभर, आणि सकाळी दोरीवर चिमट्यांनी लटकलेले ओले फोटो. घरच्यांचा त्रागा आणि कौतुक दोन्ही या छंदाच्या वाट्याला आले.

ऐंशीच्या दशकात 'हॉट शॉट'सारखे सोपे कॅमेरे आले, रंगीत फिल्म आवाक्यात आली, नाक्यानाक्यावर कलर लॅब उघडल्या. पुढे फ्लॅश आतच बसवलेला कोडॅकचा 'केबी टेन' घरोघरी गेला. आता रात्रीही फोटो निघू लागले आणि घराचा आतला भाग एकदम उजळला. वाढदिवसाचा केक, पाठीमागचा फ्रिज, भिंतीवरचे कॅलेंडर, दाराआडून डोकावणारी आजी. स्वयंपाकघरही आले, पण तोवर त्यात गॅस आणि मिक्सर येऊन बसले होते.

मखराचा कोपरा

घराच्या बदलाचा सलग पुरावा हवा असेल, तर गणपतीचे फोटो पाहावेत. गणपती दर वर्षी त्याच कोपऱ्यात बसतो आणि त्याचा फोटो दर वर्षी निघतो. मुलुंडच्या एका कुटुंबाने मला असे पाव शतकाचे फोटो दाखवले. मूर्ती जवळपास सारखी. बदलते ते भोवतालचे. पहिल्या काही फोटोंत साडीचा पडदा आणि क्रेपच्या कागदाच्या झिरमिळ्या. मग लाकडी शटरचा काळा-पांढरा टीव्ही मखराशेजारी येतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, पण या घरात तो यायला आणखी काही वर्षे गेली. मग फोटो रंगीत होतात, भिंत फिकट हिरवी असल्याचे पहिल्यांदाच कळते. साडीची जागा थर्मोकोल घेते. टेलिफोन येतो, त्याच्यावर विणलेले झाकण असते. गॅलरीला ग्रिल लागते, मग गॅलरीच आत घेतली जाते आणि खोलीतला उजेड कमी होतो. महाराष्ट्राने २०१८ साली थर्मोकोलवर बंदी घातली, तोवर हे कुटुंब त्या इमारतीतून निघालेही होते. कुणीही इतिहास म्हणून हे फोटो काढलेले नव्हते. भक्तीने आणि सवयीने ते झाले, म्हणून इतके खरे उतरले.

माळा

आता ही घरेच उरत नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले आणि उपनगरांवर उंच इमले चढू लागले. २००९ साली सहकार खात्याने कलम ७९(अ) खाली पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत तीन-चार मजली इमारती एकेक करून रिकाम्या होत आहेत. कुटुंब आधी भाड्याच्या घरात जाते, करार संपला की दुसऱ्या भाड्याच्या घरात, आणि काही वर्षांनी नव्या टॉवरमध्ये. प्रत्येक हलवाहलवीत काहीतरी टाकून दिले जाते. शोकेस पहिली जाते. जुन्या ब्लॉकला माळा होता, त्यावर अल्बम टिकले; बहुतेक नव्या टॉवरमध्ये माळाच नाही. भंगारवाल्याच्या गाडीवर कपाटाच्या दारांखाली दबलेले अल्बम मी पाहिले आहेत.

काळाचा न्यायही विचित्र आहे. पणजोबांचा चांदीच्या क्षारांवर उतरलेला काळा-पांढरा फोटो अजून ठणठणीत आहे आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो अंधारात ठेवूनही तांबूस पडले, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम त्या काळी आधुनिक वाटले. त्यांतला डिंक आज फोटो खातो आहे. चौकटीतल्या काचेला पावसाळ्यात चिकटलेला फोटो ओढून काढायला गेले की चेहराच काचेवर राहतो. तो तसाच, काचेसकट स्कॅन करावा.

दिवाळीची आवराआवर झाली असेल किंवा व्हायची असेल. अल्बम हाताला लागला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून माणसांची नावे जरूर विचारा, आणि मग मागच्या भिंतीबद्दलही विचारा. ते घर कुठल्या स्टेशनाजवळ होते, भाडे किती होते, पाणी किती वाजता येई, फोटो कुणी काढला, आई तेव्हा आत काय करत होती. उत्तरे फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटते. फोनवर उतरवून घेताना चेहऱ्यांभोवतीचा भाग कापू नका. ज्या खोलीत आपण वाढलो तिचे आता दुसरे चित्र मिळणार नाही. जे आहे ते त्या कडांमध्येच आहे.