पासिंग : एका जुन्या गाडीचा इतिहास

संस्थेच्या स्थापनेचा, पाण्याच्या टाकीचा आणि लिफ्टचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. मी पार्किंग नंबर चारचा लिहितो. तिथे पहिल्या दिवसापासून उभी असलेली १९५३ सालची शेवरलेट सगळ्यांच्या ओळखीची आहे. मुलं तिला ‘बोट’ म्हणतात. ही बोट अजून कायदेशीरपणे रस्त्यावर चालते, याचं अनेकांना नवल वाटतं. मी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालो आणि या गाडीच्या पासिंगला बरोबर गेलेलो आहे, म्हणून हा लेख.

शेवरलेट ही मुंबईला नवी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला परदेशी सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. १९५३ च्या सुमारास सरकारी धोरण बदललं. नुसते भाग जोडणं पुरे नाही, गाडी इथेच बनवायची तयारी हवी, असं ठरलं आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. त्यानंतर परदेशी गाडी हाती लागायची ती बहुधा वकिलातीतल्या एखाद्या साहेबाने मायदेशी जाताना विकलेली. आपली शेवरलेट तशीच आली. म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे.

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोलचे भाव भडकले. सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं इंजिन पोसणं नोकरदाराला परवडेना. त्या काळात अशा कितीतरी गाड्यांची मूळ इंजिनं निघाली आणि जागी डिझेल इंजिनं बसली. तळमजल्यावरच्या काकांनीही १९७४ मध्ये तेच केलं. मूळ इंजिन भंगारात गेलं. पण काकांनी आणखी एक काम केलं, जे बरेच जण टाळत. परवानगी काढून नव्या इंजिनाचा नंबर आणि ‘डिझेल’ हा शब्द त्यांनी आरसी बुकात चढवून घेतला. १९३९ च्या मोटार कायद्यातही असा बदल कळवणं बंधनकारक होतं.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण. ऑगस्ट २००० पासून बदलांचं कलम ५२ अधिक कडक झालं. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येईना. सीएनजीसारख्या इंधनासाठी मंजूर किट बसवायला तेवढी वाट ठेवली गेली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ पक्का केला.

२००४ साली काकांची गाडी पासिंगला गेली तेव्हा त्यांना धास्ती होती ती या कलमाची. माझी काळजी वेगळी होती. डिझेल इंजिन मुळापेक्षा जड. त्याने पुढच्या स्प्रिंगा बसतात, गाडीचं नाक खाली जातं, हेडलाइटचा झोत चुकतो आणि पुढच्या ब्रेकवर ताण येतो. त्या काळच्या शेवरलेटला ब्रेकची एकच लाइन, ती फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. शिवाय मूळ गाडी सहा व्होल्टची. डिझेलच्या स्टार्टरसाठी बारा व्होल्ट केले, की दिवे, हॉर्न, वायपर सगळंच बदलावं लागतं. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतलं सिग्नलचं साधन कायद्यानेच लागतं, तेही तपासलं गेलं.

इन्स्पेक्टरसाहेबांनी चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला, मग इंजिनाकडे बोट दाखवून विचारलं, “हे कुठून आलं?” काकांनी बोलण्याऐवजी आरसी बुकाचं पान उघडून धरलं. तीस वर्षांपूर्वीची नोंद, सही आणि शिक्का. साहेबांनी नंबर जुळवला आणि विषय संपला. गाडी त्या दिवशी परत आली ती ब्रेकमुळे. ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढत होती. आम्ही लायनर बदलले, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, झोत लावून घेतला. आठ दिवसांनी गाडी पास झाली. ओढणारा ब्रेक सापडला नसता, तर तो आपल्या गेटसमोर शाळेची मुलं उतरताना कधीतरी सापडला असता.

काका आता नाहीत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं आणि दहा वर्षांची मुदत. काकांच्या मुलाने चौकशी केली. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही. पेट्रोलचे पैसे वाचवणाऱ्या डिझेल इंजिनाने तो मान मात्र घालवला. दर पाच वर्षांचं साधं पासिंग सुरू आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. आपली इमारत पंचविशीत आली. पंचवीस वर्षांत कुणी किचनची भिंत काढली, कुणी बाल्कनी आत घेतली, कुणी गच्चीवर जादा टाकी चढवली. गरजा होत्या, त्या कुणी नाकारत नाही. पण वाढलेलं वजन खालच्या बीमवर येतं आणि त्या बीमखाली दुसऱ्याचं घर असतं. ऑडिटला येणाऱ्या इंजिनिअरला भिंतीआड काय झालं ते दिसत नाही. तेव्हा प्रत्येकाने आपल्या घरातले बदल, साल घालून, एका कागदावर लिहून सेक्रेटरींकडे द्यावेत. काकांच्या आरसी बुकात होतं तसं एक पान प्रत्येक फ्लॅटच्या फाइलला असू द्या.