लहान पाणी, मोठे पाणी

श्रोतेहो, आजचा विषय नळ, नद्या, जहाजे आणि बॉयलर यांचा आहे. तेव्हा तो रूक्ष होईल अशी धास्ती कुणाला वाटत असल्यास मी ती समजू शकतो. परंतु या विषयाच्या पोटात एक चुरशीचा प्रश्न दडलेला आहे. मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करून तिच्यावर प्रयोग केले, तर त्या प्रयोगांची साक्ष मोठ्या वस्तूच्या बाबतीत ग्राह्य धरावी काय? जहाज समुद्रात लोटल्यावर किंवा बंधारा नदीवर उभा राहिल्यावर चूक उमगली, तर तिची किंमत फार मोजावी लागते. म्हणून माणूस आधी हौदात किंवा काचेच्या नळीत पाणी खेळवून पाहतो. पण हौदातले पाणी समुद्रासारखे वागेलच, याची हमी कोणी दिली?

1870 साली इंग्लंडातील नौकास्थापत्यज्ञांच्या संस्थेत नेमका हाच सवाल जॉन स्कॉट रसेल यांनी टाकला. रसेल ही काही लहानसहान असामी नव्हे. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज त्यांच्या गोदीत बांधले गेले होते आणि लाटांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला होता. त्यांचे म्हणणे असे, की असले लहान नमुन्यांचे प्रयोग दिसायला मोठे गोड आणि करणाऱ्याच्या जिवाला आनंद देणारे. परंतु प्रत्यक्ष जहाज बांधणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. हा टोला होता विल्यम फ्रूड यांना. फ्रूड तेव्हा साठीला आलेले, पूर्वी ब्रूनेलच्या हाताखाली रेल्वेचे काम केलेले इंजिनियर. रसेल यांचा संशय अगदीच निराधार होता असे मला वाटत नाही. तोवर अनेकांनी नमुने ओढून पाहिले होते आणि बहुतेकांची उत्तरे चुकली होती.

फ्रूड यांनी 1867 साली डार्ट नदीवर दोन घाटांचे नमुने ओढून पाहिले होते. एकाचे नाव 'स्वान', दुसऱ्याचे 'रेव्हन'. प्रत्येक घाटाचे तीन, सहा आणि बारा फुटी असे तीन नमुने. त्यांच्या ध्यानात आले, की लहान व मोठ्या नमुन्याभोवती उठणाऱ्या लाटा हुबेहूब सारख्या दिसतात, मात्र दोघांचे वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असले तरच. जहाजाच्या सोळाव्या हिश्शाचा नमुना असेल, तर तो जहाजाच्या वेगाच्या एकचतुर्थांश वेगाने ओढावा, म्हणजे त्याच्या लाटा जहाजाच्या लाटांची लहान छबी होतात. हा नियम फ्रान्समध्ये रीच यांनी आधीच मांडला होता. पण नाव चिकटले ते फ्रूड यांचे. शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

आता खरी मेख पुढेच आहे. जहाजाला होणारा विरोध केवळ लाटांचा नसतो. पाणी त्याच्या अंगाला घासत जाते, त्या घर्षणाचाही असतो, आणि घर्षण हा वर्गमुळाचा नियम मानीत नाही. फ्रूड यांनी यावर तोड काढली ती अशी. लांबच लांब फळ्या पाण्यातून ओढून त्यांनी घर्षण वेगळे मोजले. नमुन्याच्या एकूण विरोधातून ते वजा केले, राहिलेल्या लाटांच्या विरोधाला वरील नियम लावून जहाजाचा आकडा काढला, आणि शेवटी जहाजाचे घर्षण हिशेबाने त्यात मिळवले. ब्रिटिश नौदलाने त्यांना दोन हजार पौंड मंजूर केले. त्यातून टॉर्की येथे त्यांच्या घराजवळ 278 फूट लांबीचा हौद तयार झाला, आणि 1872 पासून तेथे मेणाचे नमुने रुळांवरच्या गाडीने ओढले जाऊ लागले. मेण अशासाठी, की ते सुरीने तासता येते आणि काम झाले की वितळवून पुन्हा वापरता येते.

रसेल यांच्या आक्षेपाला हौदातून उत्तर मिळणार नव्हते, ते समुद्रातच द्यावे लागणार होते. 1871 साली 'ग्रेहाउंड' हे नौदलाचे खरेखुरे जहाज 'ॲक्टिव्ह' या दुसऱ्या जहाजाने ओढले. ओढणाऱ्याच्या मागच्या घोळात ते सापडू नये म्हणून बाजूला काढलेल्या लांब वाशाला त्याचा दोर बांधला होता. दोरावरचा ताण मोजला. नमुन्यावरून काढलेला आकडा आणि समुद्रातला आकडा यांचा मेळ बसला. लहान पाण्याची साक्ष मोठ्या पाण्याने प्रथमच अशी उघडपणे मान्य केली.

जहाजांचा हा निकाल लागत असताना नळांचा एक खटला तसाच पडून होता. जर्मनीत हागेन यांनी आणि फ्रान्समध्ये प्वाझ्झी नावाच्या वैद्यांनी 1840 च्या सुमारास बारीक नळ्यांतून पाणी वाहवून पाहिले होते. प्वाझ्झी यांना खरे कुतूहल केशवाहिन्यांतल्या रक्ताचे. त्यांना आढळले, की वेग दुप्पट केला तर विरोधही दुप्पट होतो. उलट शहराला पाणी पुरवणारे इंजिनियर सांगत, आमच्या नळात वेग दुप्पट केला तर विरोध जवळजवळ चौपट होतो. दार्सी यांची मोजमापे याला साक्ष होती. पाणी तेच, नळ्या तशाच गोल, मग नियम दोन कसे? नाव्हिए यांनी 1822 साली आणि स्टोक्स यांनी 1845 साली चिकट प्रवाहाची समीकरणे लिहून ठेवली होती. त्यांतून वैद्यांचा नियम सुबकपणे निघे; इंजिनियरांचा मात्र निघेना.

हा गुंता सोडवला मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजमधले प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी. त्यांचा 1883 चा प्रयोग इतका साधा आहे, की चांगल्या शाळेतही तो करून दाखवता यावा. पाण्याने भरलेली काचेच्या बाजूंची पेटी. तिच्यात आडवी काचेची नळी, तिचे तोंड कर्ण्यासारखे पसरट. आणि त्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार. तोटी हळू उघडली, की रंगाची रेघ नळीभर ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ जाते. तोटी आणखी उघडत गेले, की एका विशिष्ट वेगाला ती रेघ एकाएकी फिसकटते आणि पुढचे सारे पाणी रंगून जाते. त्या रंगलेल्या पाण्याकडे विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिले, की आत असंख्य भोवरे गिरक्या घेताना दिसतात. म्हणजे नियम दोन होते, कारण प्रवाहाच्या जातीच दोन होत्या.

रेघ केव्हा मोडते, हे रेनल्ड्स यांनी वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्या घेऊन आणि पाण्याचे तापमान बदलून पाहिले. गोठणबिंदूजवळचे पाणी 25 अंशांच्या पाण्याच्या दुप्पट चिकट असते, हे लक्षात घेतले म्हणजे तापमान बदलण्यातली युक्ती कळते. वेग, व्यास आणि घनता यांच्या गुणाकाराला चिकटपणाने भागले, की एक निखळ संख्या मिळते. तिला ना फूट, ना सेकंद, ना पौंड. ती संख्या सुमारे 2000 च्या खाली असेल, तर प्रवाहात कितीही खळबळ केली तरी ती निवते. पाणी अगदी निवांत ठेवले, तर रेनल्ड्स यांना ती जवळजवळ 13000 पर्यंत नेता आली. त्यांचे उपकरण मँचेस्टरला जपून ठेवलेले आहे. मौज अशी, की विसाव्या शतकात तेथे तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा 13000 काही गाठता येईना. बाहेरच्या रस्त्यावरच्या मोटारींच्या हादऱ्यांनी रेघ आधीच मोडू लागली होती.

या भोवऱ्यांचा उष्णतेशी काय संबंध, हे रेनल्ड्स यांनी त्याआधीच, 1874 साली, बॉयलरच्या संदर्भात ओळखले होते. गरम दूध निववायचे असले म्हणजे आपण ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओततो; आतले गरम दूध वर येते, वरचे आत जाते. नळीत तेच घडते. भोवरे आतल्या कणांना भिंतीशी आणून भिडवतात. ते कण भिंतीपासून उष्णता घेतात आणि त्याच वेळी भिंतीला आपला वेगही देऊन टाकतात. म्हणून जेथे घर्षण जास्त, तेथे उष्णतेची देवघेवही जास्त. घर्षण मोजले, की उष्णतेचा अंदाज बांधता येतो. बॉयलरच्या नळ्यांत उष्णता मोजणे महाकठीण आणि दाब मोजणे सोपे, हे ध्यानी घेतले म्हणजे या एका विचाराने कारखानदारांचे केवढे काम वाचले ते उमजेल. पुढे 1915 साली नुसेल्ट यांनी उष्णतेच्या लहान-मोठ्या नमुन्यांसाठीही अशाच निखळ संख्यांचे शास्त्र रचले.

पण रेनल्ड्स यांची संख्या जसजशी सर्वत्र मान्य झाली, तसतशी एक पंचाईत उघड झाली. फ्रूड म्हणतात, सोळाव्या हिश्शाचा नमुना चौथ्या हिश्शाच्या वेगाने चालवा. रेनल्ड्स यांचा हिशेब म्हणतो, पाणी तेच असेल तर वेग सोळापट करा. दोन्ही आज्ञांत चौसष्टपटींचे अंतर! एकाच हौदात दोन्ही पाळणे अशक्य. नमुना करणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते, की येथे गुरुत्वाकर्षण राजा की चिकटपणा राजा, आणि ज्याची अवज्ञा होणार त्याची भरपाई हिशेबाने करावी लागते. माझ्या मते या विद्येतले सारे कसब या निवाड्यात आहे.

रेनल्ड्स यांनी स्वतः असा निवाडा 1885 साली करून दाखवला. मँचेस्टरपर्यंत जहाजांचा कालवा नेण्याचे विधेयक पार्लमेंटात दोनदा पडले होते. खाडीत नव्या भिंती घातल्या तर आपले बंदर वाळूने भरेल, असा लिव्हरपूलचा ओरडा होता. रेनल्ड्स यांनी मर्सीच्या खाडीचा नमुना केला, मैलाला दोन इंच या प्रमाणात. खोलीही त्याच प्रमाणात धरली असती, तर तीस फूट पाण्याच्या जागी इंचाच्या शंभराव्या भागाएवढा पापुद्रा उरला असता, आणि तेवढे पाणी वाहण्याऐवजी चिकटूनच बसले असते. म्हणून खोलीचे प्रमाण त्यांनी मुद्दाम तेहतीसपट वाढवले: ऐंशी फुटांना एक इंच. तळाशी सपाट वाळू पसरली आणि भरती-ओहोटी सुरू केली. वर्गमुळाच्या नियमाने एक भरती-ओहोटी सुमारे चाळीस सेकंदांत आटोपे; म्हणजे वर्षभराच्या भरत्या आठ तासांत. हजारो भरत्यांनंतर त्या सपाट वाळूत खाडीतल्या खऱ्या दांड्यांसारखे दांडे आणि खऱ्या वाटांसारख्या वाटा आपोआप उमटल्या. नकाशा कोणी कोरला नव्हता. तो पाण्याने काढला.

पुण्याकडे येण्यापूर्वी गणिताचाही हिशेब सांगितला पाहिजे. 1895 साली रेनल्ड्स यांनी भोवऱ्यांच्या प्रवाहाची सरासरी समीकरणे मांडली. पण सरासरी काढताच अज्ञात राशी समीकरणांहून अधिक होतात आणि उरलेले आकडे प्रयोगातूनच आणावे लागतात. आजचे महासंगणक विमानाभोवतीची हवा किंवा वीजकेंद्राने समुद्रात सोडलेले गरम पाणी यांचे गणित करतात, तेव्हाही बहुधा ही उसनवारी चालूच असते. मूळ समीकरणांची उत्तरे नेहमी सुरळीत राहतात काय, हे सिद्ध करणाऱ्यास 2000 साली दहा लक्ष डॉलरांचे बक्षीस लागले आहे. ते अजून कुणी नेलेले नाही.

आता खडकवासला. 1916 साली मुंबई इलाख्याने पुण्यात पाटबंधाऱ्यांच्या संशोधनाची एक खास शाखा काढली. दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनी उपळून खारवत होत्या, हे तिच्यापुढचे पहिले दुखणे. तिचे सूत्रधार क्लॉड इंग्लिस, हे 1906 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आलेले आयरिश इंजिनियर. कालव्यांकडून काम नद्यांकडे वळले आणि खडकवासल्याच्या धरणाखाली नमुन्यांची जागा झाली. जागेची निवड चतुर होती: तलावातले पाणी उतारानेच नमुन्यांना मिळे, पंपाची यातायात नको. 1937 च्या सुमारास हे केंद्र हिंदुस्थान सरकारने आपल्याकडे घेतले आणि सिंधूपासून हुगळीपर्यंतच्या नद्या मुठेकाठी वाहू लागल्या.

यांतले सक्करचे प्रकरण मला फार बोलके वाटते. सिंधूवरचा सक्करचा बंधारा 1932 साली सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या उजव्या तीराच्या कालव्यांत वाळू भरू लागली. लाखो एकरांचे भवितव्य त्या वाळूवर अवलंबून होते. इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुन्यात जे पाहिले, ते चहाच्या पेल्यातही दिसते. चहा ढवळला की पत्तीचा गाळ कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होतो. नदीच्या वळणावर तसेच होते: तळाचे वाळूचे पाणी आतल्या काठाकडे सरकते आणि वरचे नितळ पाणी बाहेरच्या काठाला लागते. तेव्हा कालव्यांपुढे एक वळणदार वाट अशी काढायची, की कालव्यांची तोंडे वळणाच्या बाहेरच्या अंगाला यावीत. तशी वाट सक्करला प्रत्यक्ष बांधली गेली. वाळूला अडवण्याऐवजी तिलाच दुसरीकडे जायला लावायचे, ही कल्पना कागदावरच्या समीकरणांतून सुचणे कठीण होते.

नमुन्याची मर्यादाही या मंडळींनी लपवली नाही. नदी लहान करता येते, पण वाळूचा कण त्या प्रमाणात लहान केला तर त्याचे पीठ होते आणि ते निराळ्याच नियमांनी वाहू लागते. म्हणून नमुन्याने आधी नदीचा माहीत असलेला भूतकाळ बरोबर वठवून दाखवायचा आणि मगच त्याला भविष्य विचारायचे, अशी रीत पडली. शिवाय नमुना विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. मातीच्या भरावाखालच्या अपुऱ्या विमोचकाचे दुखणे पाण्याच्या कोणत्याही प्रतिकृतीत दिसणारे नव्हते.

खडकवासल्याच्या कामाची परंपरा द. वि. जोगळेकरांसारख्यांनी पुढे चालवली. नद्यांचे वर्तन व नियंत्रण यांवरचा त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ 1956 साली निघाला. तेथे आज संगणकाची गणिते आणि विटा-सिमेंटचे नमुने शेजारी शेजारी चालतात. आणि इंग्लिस? निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले. 1947 साली ब्रिटनने जलसंशोधनाची स्वतःची राष्ट्रीय संस्था काढायचे ठरवले, तेव्हा फ्रूड आणि रेनल्ड्स यांच्या त्या देशाने पहिला संचालक म्हणून बोलावले ते खडकवासल्याच्या याच इंजिनियराला.