षट्कोनी पॅचवर्कसाठी कापडाचा अंदाज
षट्कोनी पॅचवर्कसाठी कापडाचा अंदाज म्हणजे समान बाजूंच्या षट्कोनी तुकड्यांची रजई शिवण्यापूर्वी किती लांबीचे कापड लागेल हे ठरवण्याची रीत होय. सरळ पट्ट्यांतून असे तुकडे कापताना कोपऱ्यांलगतचे त्रिकोण वाया जातात. त्यामुळे केवळ क्षेत्रफळावरून काढलेला अंदाज अपुरा ठरतो.

मापे
षट्कोनी तुकडा सहसा त्याच्या तयार बाजूच्या लांबीने ओळखला जातो. षट्कोनाच्या समोरासमोरील बाजूंमधील अंतर बाजूच्या सुमारे १.७३२ पट, तर समोरासमोरील कोपऱ्यांमधील अंतर दुप्पट असते. १ इंच बाजूच्या तुकड्याभोवती शिवणीसाठी पाव इंच कापड सोडल्यास ही अंतरे अनुक्रमे सुमारे २.२३ व २.५८ इंच होतात. पॅचवर्कच्या सुती कापडाचा पन्हा साधारणपणे ४४ इंच असतो. किनार व आटणे लक्षात घेऊन त्यातील ४० इंच उपयोगी धरले जातात.

उदाहरण
अमेरिकेत १९३० च्या दशकात लोकप्रिय असलेल्या ‘ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन’ या रचनेत एका फुलाच्या मध्यभागी १, पहिल्या वलयात ६ व दुसऱ्या वलयात १२ तुकडे असतात. ५० फुलांचे दुसरे वलय एकाच कापडाचे ठेवल्यास ६०० तुकडे लागतात. सव्वादोन इंच रुंदीच्या एका पट्टीत १५ तुकडे बसतात. म्हणजे ४० पट्ट्या, अर्थात ९० इंच किंवा सुमारे २.२९ मीटर कापड लागते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हेच उत्तर सुमारे १.६४ मीटर येते. ही तूट नंतर भरून काढताना नव्या कापडाची रंगछटा जुन्याशी जुळेलच असे नाही.

इतर बाबी
प्रत्येक रंगाच्या कापडाचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. छापील फूल नेमके तुकड्याच्या मध्यभागी आणायचे असल्यास पट्ट्यांऐवजी कापडावरील फुले मोजतात. समभुज त्रिकोण एकाआड एक उलटे ठेवून पट्टीतून कापता येतात. त्यांत कापड प्रामुख्याने पट्टीच्या टोकांनाच वाया जाते. महाराष्ट्रातील पारंपरिक गोधडी जुन्या लुगड्या-धोतरांपासून शिवली जात असल्याने तिथे हाती असलेल्या कापडावरूनच तुकड्यांचा आकार ठरतो.