इंजिन बदललं, ब्रेक तेच राहिले

वडखळ नाक्यावर अलिबाग फाट्याला दहा मिनिटं उभं राहा. कोणीतरी ओरडेलच, "टेम्पो बाजूला घे रे!" समोर गाडी टाटाची असो नाहीतर महिंद्राची, आपल्या तोंडी ती टेम्पोच. हे मूळचं एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव आहे, हे आपण कधीच विसरून गेलो.

हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या गाड्या म्हणजे टेम्पो. 1958 साली नवलमल फिरोदियांनी या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली. आधी तीनचाकी आली, पुढे चारचाकी मॅटाडोर. गंमत म्हणजे त्याच सुमारास इंग्लंडमध्येही वेस्ट ब्रॉमविचच्या जेन्सन कंपनीने परवाना घेऊन टेम्पो व्हॅन बनवली. सांगाडा जर्मन, इंजिन ऑस्टिनचं. म्हणजे आपल्या मॅटाडोरचं एक ब्रिटिश भावंडही होतं.

मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालायची. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे फळी जमिनीपासून कमी उंचीवर. गणपती उचलून चढवायला, पेशंटचं स्ट्रेचर आत सरकवायला, मासळीच्या पाट्या भरायला याहून सोयीची गाडी नाही. पण ओझं मागे आणि ताकद पुढे. चढ लागला की पुढची चाकं हलकी व्हायची, आणि पावसात जागच्या जागी फिरायची.

व्हॅनला मोठं इंजिन लावायचा शौक ब्रिटिशांचा जुनाच. 1971 साली तिकडे फोर्डने ट्रान्झिट व्हॅनमध्ये जीटी40 या रेसिंग गाडीचं 5 लिटरचं व्ही8 इंजिन बसवलं आणि तिला सुपरव्हॅन म्हणून रेसच्या ट्रॅकवर पळवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजही तिकडे जुन्या व्हॅन जिवापाड जपतात, त्यांना ताकदीची इंजिनं लावतात. पण इंजिनाबरोबर ब्रेक, सस्पेन्शन, टायर सगळंच बदलतात.

आपल्याकडे इंजिन बदललं ते शौकापायी नाही, पोटापायी. पेट्रोल परवडेना. मग जुन्या जीपमधलं, अ‍ॅम्बेसेडरमधलं पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचं. हे काम कोणा इंजिनिअरचं नव्हे, गॅरेजवाल्याचं. माउंटिंग कापायचं, नवं वेल्ड करायचं, गिअरबॉक्स जुळवायचा आणि गाडी दुसऱ्या दिवशी धंद्याला. हे हात कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं.

पण खरं बोलायचं तर इंजिन बदललं आणि ब्रेक तेच राहिले. डिझेल इंजिन वजनाला जड, त्याचा भार पुढच्या स्प्रिंगांवर. वर क्षमतेच्या दुप्पट माणसं, मागे फळीला लटकलेली दोघं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये अशा बदलांवर बंधनं आहेत. आरटीओ तर पेणलाच, वडखळपासून हाकेच्या अंतरावर. तरी कोणी कोणाला विचारलं नाही, कारण गावागावात वेळेवर एसटी नव्हती. ती जागा आधी जीपनी भरली, मग सहा आसनी मिनीडोरनी. मिनीडोरही बजाज टेम्पोचीच. तीच कंपनी आज फोर्स मोटर्स नावाने मर्सिडीजसाठी इंजिनं जोडते.

आज त्या गाड्या भंगारात गेल्या. एकही मॅटाडोर आपण जपून ठेवली नाही. ज्यांच्यावर आपल्या तालुक्याची बाजारपेठ उभी राहिली, पोरं शाळेला गेली, बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या, त्या गाड्यांची धड नोंदही नाही.

आणि सवय मात्र तीच. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं. तेव्हापासून गाड्या किती बदलल्या! वेग वाढला, ताकद वाढली, ओझं वाढलं. सर्व्हिस रोड, दिवे, वळणांवरचे फलक, पायी रस्ता ओलांडणाऱ्यांची सोय मात्र मागेच. इंजिन आधी, ब्रेक नंतर. गॅरेजवाल्याला निदान पैशाची अडचण तरी होती. रस्ता बांधणाऱ्यांची अडचण काय?

तुमच्या घरी जुन्या मॅटाडोरचा, मिनीडोरचा, इंजिन बदललेल्या जीपचा फोटो असेल तर खाली टाका. गाडीचं साल आणि ती कुठल्या रूटला चालायची तेवढं लिहा. निदान आपण तरी नोंद ठेवू.