वही कोणाच्या हातात?

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. हे लोण लवकरच नगर जिल्ह्यात, थेट कर्जत तालुक्यापर्यंत पोहोचले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. दंगेखोरांना हवी होती ती कर्जखते आणि हुकूमनामे. कागद मुकाट्याने हाती आले तिथे सहसा पुढे काही घडत नसे. ते जाळले की काम संपले.

राग कागदावर का? वही सावकाराच्या घरात, हिशेब त्याच्या हातचा, आणि वाचता न येणाऱ्या कुळाने फक्त अंगठा उठवायचा. कोर्टात मात्र तेच खत खरे. 1879च्या दख्खन शेतकरी कायद्याने यावर उपाय शोधला. खत ग्रामनिबंधकासमोर व्हावे, कुळाला पावती मिळावी आणि कोर्टाने खतापाशी न थांबता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, असे त्याने ठरवले.

रोज डेटाबेसवर काम करताना मला हा कायदा आठवतो. संगणकातही आधी प्रत्येक प्रोग्रामची वही वेगळी होती. माहिती कशी रचली आहे, हे ती रचणाऱ्यालाच ठाऊक. 1970मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडले, की आतली रचना माहीत नसतानाही माणसाला माहिती विचारता आली पाहिजे. त्यातून आजच्या डेटाबेस प्रणाली घडल्या. त्यांत नोंद एकाच जागी राहते आणि अनेकांना एकाच वेळी वापरता येते. व्यवहार पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही. कोणी काय पाहावे, काय बदलावे याचे नियम असतात.

याचा लाभ गावापर्यंत आला आहे. 2018पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. राशीनचा मुलगा चाकणच्या कारखान्यात बसून आपल्या रानाचा उतारा काढू शकतो.

पण गुण आहे तिथेच दोषही आहे. नोंद एकच असल्याने तिच्यातली चूकही एकदम सगळीकडे जाते. क्षेत्र चुकीचे चढले, तर बँकेला, विम्याला, खरेदीदाराला तेच दिसते. सर्व्हर बंद पडला की सगळ्यांचेच काम अडते. आणि जे रकान्यात बसत नाही ते प्रणालीपुरते नसतेच: तोंडी बोलीवर वाट्याने रान कसणारा वाटेकरी घाम गाळतो, पण उताऱ्यावर त्याचे नाव नसते.

म्हणून डेटाबेस किती वेगवान, यापेक्षा नोंदीमागचा इतिहास सामान्य माणसाला विचारता येतो का, हा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे त्याची सोय आहे. फेरफार नोंदवहीत प्रत्येक बदलाचे कारण लिहिले जाते, नोंद मंजूर होण्याआधी हरकतीला मुदत असते आणि महसूल संहितेच्या कलम 155नुसार लेखनप्रमाद दुरुस्त करून मिळतो. त्यासाठी तहसीलच्या किती खेपा पडतात, यावर त्या हक्काचे मोल ठरते.

1875मध्ये वही जाळता तरी येत होती. आजच्या वहीच्या प्रती ठिकठिकाणी असतात. तिला काडी लागत नाही. तेव्हा ती वाचण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क तरी प्रत्येकाच्या हाती खरोखर हवा.